पाटावरची हार्ड डिस्क

मित्रांनो, माझ्या पाठीवर हळदीचा एक डाग आहे. तो पुसायचे खूप प्रयत्न झाले. ओलं फडकं झालं, कोरडं फडकं झालं, एकदा तर कुणीतरी खोडरबर घेऊन बसलं होतं. डाग काही जात नाही, आणि खरं सांगायचं तर आता तो जाऊ नये असंच मला वाटतं. विळ्याला किंवा नांगराच्या फाळाला हळद लागली तर कुणी काही विचारणार नाही. पण मी विळा नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मला हळद लागली कशी, हे सांगायचं म्हणजे माझं सगळं आयुष्यच सांगावं लागेल.

तळहातावर मावेल एवढी काळी पेटी, पोटात एक गुळगुळीत चकती आणि कॉम्प्युटरला जोडायला वीतभर वायर, एवढाच माझा संसार. कॉम्प्युटरमध्ये जे जे असतं त्याची नक्कल माझ्या पोटात ठेवतात. माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा आत येऊ देत नसत, त्यामुळे सगळं जग असंच लख्ख असणार अशी माझी समजूत होती. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पोहोचल्यावर ती पहिल्याच दिवशी दूर झाली.

मला विकत आणलं काकासाहेबांनी. त्यांचं तिथे डाय बनवायचं वर्कशॉप आहे. डाय म्हणजे काय, तर तुमच्या घरी करंजीचा साचा असतो ना, तसाच एक भलाथोरला पोलादी साचा. करंजीच्या साच्यात पारी घालतात, यात लोखंडी पत्रा घालतात. वरून प्रेस मशीनचा दणका बसला की पत्र्याला हवा तो आकार येतो. गाड्या आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या असे साचे काकासाहेबांकडून करून घेतात. पण आधी चित्र लागतं, आणि ते रेघेरेघेला बरोबर लागतं. ही चित्रं काढायची संध्याने. डिप्लोमा झाल्या झाल्या ती या वर्कशॉपमध्ये आली आणि तिथलीच झाली. तिथल्या प्रत्येक साच्याचं चित्र तिच्या हातचं आहे. नवा साचा असो की जुन्याची डागडुजी, तिचं चित्र समोर असल्याशिवाय तिथली एकही मशीन चालू होत नाही.

तिनेच मला पहिल्यांदा जोडलं. रोज संध्याकाळी त्या चित्रांची नक्कल आपोआप माझ्याकडे येऊ लागली. मला ती चित्रं वाचता येत नाहीत, त्यांतलं काही कळत नाही, पण कुतूहल भारी. एकाच साच्याची चित्रं यायची आणि त्यांची नावं असायची फायनल, फायनल नवीन, फायनल खरोखरचं. माणसं एकदा संपलेलं काम पुन्हा पुन्हा का संपवतात, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर अजून सापडलेलं नाही.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. कुणी पाहुणा आला की काकासाहेब मला दाखवून म्हणत, आमचं सगळं इथं डबल असतं, काळजीच नाही. मग हळूहळू मी कॉम्प्युटरच्या मागे सरकले. माझ्यावर जुनी कॅलेंडरं आली, चहाचे कप आले, लोखंडाचा बारीक कीस बसू लागला. नकलेच्या नशिबी हेच असतं, मित्रांनो. अस्सल वस्तू धडधाकट असेल तोवर नकलेकडे कोण बघतो? मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. कधीतरी माझाही दिवस यावा, कुणीतरी घाईघाईने माझं नाव घ्यावं, असं मनापासून वाटायचं. माझा दिवस म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी वाईट दिवस, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

एकदा प्रेरणा आली. ही संध्याची कॉलेजातली मैत्रीण. उस्मानपुऱ्यात तिचं छोटं ऑफिस आहे. छोट्या धंद्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून कसे जपायचे, हे ती सांगते आणि करून देते. संध्यानेच काकासाहेबांच्या मागे लागून तिला बोलावलं होतं. प्रेरणाने सगळं फिरून पाहिलं. कॉम्प्युटरच्या कडेला चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर पासवर्ड लिहिलेला होता. व्हायरसपासून राखण करणाऱ्या प्रोग्रामची मुदत कधीच संपली होती, आणि रोज सकाळी एक लाल चौकोन येऊन तसं सांगत होता. रोज सकाळी कुणीतरी तो मिटवत होतं. मग तिने मला उचललं, वायर बघितली आणि विचारलं, ही कायम जोडलेलीच असते का? काकासाहेब अभिमानाने म्हणाले, कायम. चोवीस तास.

"मग तिचा काय उपयोग?" प्रेरणा म्हणाली. "घराला आग लागली तर त्याच घरातली दुसरी पेटी वाचते का?"

तिने सुचवलं ते थोडकंच होतं. आणखी एक डिस्क घ्या. नक्कल झाली की वायर काढा आणि एक डिस्क वर्कशॉपच्या बाहेर ठेवा. राखणीचा प्रोग्राम नवा घ्या. मेल उघडायचा कॉम्प्युटर आणि चित्रांचा कॉम्प्युटर वेगळा करा. काकासाहेबांनी ऐकून घेतलं. ते काही कंजूष गृहस्थ नाहीत. कामगारांच्या घरी लग्न असलं तर हात सैल सोडतात. पण धंद्याचं त्यांचं गणित ठरलेलं. नवी प्रेस घेतली तर ती माल देते, ते म्हणाले, हे तुझं संरक्षण मला काय देणार? वर्षभर काहीच झालं नाही तर पैसे पाण्यात ना?

"काहीच होत नाही, काका, तेच तर ते देतं," प्रेरणा म्हणाली.

काकासाहेब मोकळेपणाने हसले. "अगं, पण माझ्याकडं चोरण्यासारखं हाय काय? या रेघोट्या? चोर त्या नेऊन काय करनार?"

प्रश्न मला बिनतोड वाटला. खरंच, संध्याची चित्रं नेऊन चोर काय करणार? ना त्याच्याकडे प्रेस, ना पोलाद. विषय तिथेच संपला, प्रेरणा चहा पिऊन गेली आणि मी पुन्हा कॅलेंडराखाली गेले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. एमआयडीसीत त्या दिवशी मशीन धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. काकासाहेबांच्या आई, द्वारकाबाई, यांचं एवढ्याने समाधान होत नाही. त्या वेरूळजवळच्या गावात राहिलेल्या. तिथे विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सगळं एका पाटावर मांडून पूजा व्हायची. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, कारण तो त्याचा विसाव्याचा दिवस. वर्कशॉप झालं तरी द्वारकाबाईंनी हा नेम मोडू दिला नव्हता. हातोडे, कानशी, मोजपट्ट्या, सगळं ऑफिसच्या खोलीत पाटावर मांडलं जायचं.

त्या दिवशी संध्या दुपारीच घरी निघाली होती. तिच्या घरी दसऱ्याचं निमित्त वेगळं. ते धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतात, सगळं घर पांढरे कपडे घालून बुद्धलेणीवर जातं. पूजेत ती बसत नाही आणि द्वारकाबाईही तिला कधी बस म्हणत नाहीत. पण त्या दिवशी पाट मांडता मांडता त्यांनी तिला थांबवलं.

"पोरी, समद्यांची हत्यारं आली. तुझं कुठंय?"

संध्याने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. द्वारकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. "येवढं धूड मावायचं नाय. बारकं काई दे."

संध्याने क्षणभर विचार केला. मग कॉम्प्युटरच्या मागे हात घातला, कॅलेंडरं बाजूला केली, माझी वायर काढली आणि मला द्वारकाबाईंच्या हातात दिलं. माझी सगळी चित्रं हिच्यात आहेत, आजी, ती म्हणाली, फक्त हिच्यावर पाणी शिंपडू नका. पाण्याबिगर कसली पूजा, असं द्वारकाबाई पुटपुटल्या, पण त्यांनी माझी कोरडीच पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता आणि वर एक झेंडू. एका बाजूला हातोडा, दुसऱ्या बाजूला कानस. त्या दोघांपुढे मी अगदीच नाजूक दिसत असेन. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझी जागा समोर होती. मला फार बरं वाटलं.

प्रसाद वाटून झाला, कामगार घरी गेले. काकासाहेब आईबरोबर जेवायला बसणार, तेवढ्यात कॉम्प्युटर किणकिणला. मेल आला होता. नव्या साच्यांची मोठी चौकशी, सोबत चित्र जोडलंय, ताबडतोब दर कळवा. पाठवणारा अनोळखी. काकासाहेबांचा चेहरा उजळला. पूजेची उदबत्ती विझली नव्हती आणि दारात काम येऊन उभं होतं. एरवी त्यांनी असा मेल संध्यासाठी ठेवून दिला असता. पण मुहूर्तावर आलेलं काम ताटकळत ठेवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. लाल चौकोन आला, तो त्यांनी सवयीने मिटवला. सोबतची फाइल उघडली. काहीच दिसलं नाही. संध्या आली की बघेल, असं म्हणून ते आईबरोबर बाहेर जेवणाचा डबा उघडून बसले.

जेवून आले तो कॉम्प्युटरचा पडदा काळा झालेला. त्यावर इंग्रजीत चार ओळी. काकासाहेबांनी त्या वाचल्या, खुर्ची ओढून पुन्हा वाचल्या. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. त्यांनी एक चित्र उघडून पाहिलं, दुसरं पाहिलं. एकही उघडेना.

मित्रांनो, मला भीतीआधी नवल वाटलं. चोराने नेलं काहीच नव्हतं. गेटचं कुलूप शाबूत होतं, वॉचमन जागचा हलला नव्हता, चित्रंही होती तिथेच होती. फक्त ती आता आपली राहिली नव्हती. काकासाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. चोराला त्या रेघोट्या नकोच होत्या. त्या काकासाहेबांना हव्या आहेत, एवढंच त्याला पुरेसं होतं.

आणि मग त्यांना माझी आठवण झाली. ते ताडकन उठून पाटाकडे आले. आला, माझा दिवस आला, असं मला झालं. जोडा मला, जोडा, सगळी चित्रं मी परत देते. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

द्वारकाबाई आडव्या आल्या. "पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाय. सकाळी पूजा उठंल, मग घे."

"माय, इथं धंदा बुडायची पाळी आली."

"बुडायचा असंल तर एका रातीनं काय जास्त बुडंल?"

काकासाहेब चिडले. मशीनमधलं तुला काय कळतं, असंही बोलून गेले. द्वारकाबाई पाटासमोर मांडी घालून बसल्या त्या उठल्याच नाहीत. पन्नाशी ओलांडलेला, दहा माणसांना कामाला लावणारा तो माणूस, पण आईला ओलांडून पाटाकडे हात घालणं त्याला जमलं नाही. त्यांनी संध्याला फोन केला, तो लागला नाही. शेवटी खोली बंद करून ते आईला घेऊन घरी गेले. मी हळदीत बसून चरफडत राहिले. म्हातारीने माझा दिवस घालवला, असं मला वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी निरोप मिळताच संध्या लेणीवर जायच्या आधी तशीच पांढऱ्या साडीत आली. तिने पडदा पाहिला आणि आधी सगळ्या वायरी काढून टाकल्या. मग पाटाकडे पाहत तिने विचारलं, "साहेब, ती डिस्क याला जोडली होती का?"

"मी लावनारच होतो. मायनं लावू दिली नाय."

संध्याने खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. मग तिने समजावून सांगितलं. कुलूप घालणारा तो प्रोग्राम अजून कॉम्प्युटरमध्ये जागाच होता. मला जोडलं असतं, तर त्याने माझ्यातल्या चित्रांनाही तसंच कुलूप घातलं असतं. आदल्या दिवशी मी माझ्या जागी, कायमसारखी जोडलेली असते, तरी तेच झालं असतं. माझा दिवस म्हणून मी ज्याची वाट पाहत होते, तो माझा शेवट होता, मित्रांनो. हे ऐकलं आणि माझा सगळा रुसवा गळून पडला.

"आजी, तुम्ही वाचवलंत सगळं," संध्या म्हणाली.

द्वारकाबाई पूजा उठवत होत्या. "मी काय केलं? ते डबडं काय हाय, तेबी मला ठावं नाय."

प्रेरणाला बोलावलं. ती स्वतःचा स्वच्छ लॅपटॉप घेऊन आली. माझ्या वायरीच्या खोबणीत अक्षतेचा दाणा अडकला होता, तो संध्याने ब्रशने हळूच काढला. मग मला जोडलं. मी फिरू लागले तसे सगळे लॅपटॉपवर वाकले. चित्रं एकामागून एक उघडू लागली. फायनल, फायनल नवीन, फायनल खरोखरचं, सगळी.

एक सोडून. ट्रॅक्टरच्या एका भागाच्या नव्या साच्याचं चित्र माझ्यात नव्हतं. आलेल्या गिऱ्हाइकाला पटकन दाखवता यावं म्हणून काकासाहेबांनी ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर समोरच ठेवायला लावलं होतं, आणि नक्कल व्हायची ती फक्त आतल्या चित्रांची. संध्याने कितीतरी आठवडे घालवून ते काढलं होतं. त्यावरून पोलादाचा ठोकळा निम्मा कापूनही झाला होता. आता अर्धवट ठोकळा होता आणि चित्र नव्हतं.

काकासाहेबांना हे प्रकरण दाबून टाकायचं होतं. बाजारात नाव जाईल, ते म्हणाले. प्रेरणाने ऐकलं नाही. चित्रं कंपन्यांच्या मालाची आहेत, त्यांना कळलंच पाहिजे, आणि पोलिसांतही तक्रार द्यायला हवी. चोराला पैसे देऊन किल्ली मिळेलच याची खात्री नाही, हेही तिने सांगितलं. काकासाहेबांनी नाइलाजाने नंबर शोधला. मग त्यांनी मोठ्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून एवढंच विचारलं गेलं, की तुमच्याकडे नक्कल आहे का? आहे, काकासाहेब म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत माझी कॅलेंडराखालची सगळी वर्षं फिटली.

पण मी खूश होते तेवढी संध्या खूश नव्हती. दिवाळीत सगळी एमआयडीसी बंद असताना ती त्या अर्ध्या ठोकळ्यासमोर बसून मोजमापं घेत होती. जिथे पोलाद कापलेलं होतं तिथे मोजत होती, जिथे नव्हतं तिथे आठवत होती. काकासाहेब फराळाचा डबा घेऊन आले आणि दारातच थांबले. तिला हाक न मारता ते तिचं मोजणं बघत राहिले. त्या काळ्या पडद्याने त्यांना जे शिकवलं नाही, ते त्या दिवशी पाठमोऱ्या संध्याने शिकवलं असावं. तिथूनच त्यांनी प्रेरणाला फोन केला.

ती आल्यावर म्हणाले, "गेटवर वॉचमन ठेवला तवा तो काय माल देतो, असं मी कधी इचारलं नाय. तू सांगितलं व्हतं ते समदं कर."

"समजा पुन्हा तुमच्या मनात आलं की वर्षभर काहीच झालं नाही, तर?" प्रेरणाने विचारलं. "या खेपेला खंडेनवमी होती म्हणून निभावलं. पुढच्या खेपेला साधा मंगळवार असेल. तेव्हा पाटासमोर आजी नसतील."

काकासाहेबांनी मान हलवली. "तर मग दर आठवड्याला खंडेनवमी करू."

आणि तशीच ती सुरू झाली. राखणीचा नवा प्रोग्राम आला, मेलचा कॉम्प्युटर वेगळा झाला, पासवर्डची चिठ्ठी गेली. मला एक धाकटी बहीण आली. आठवड्याच्या सुट्टीआधी संध्या नक्कल करते, त्यातलं एखादं चित्र उघडून बघते आणि मग वायर काढते. आम्हा बहिणींपैकी एक कपाटात जाते आणि दुसरी द्वारकाबाईंच्या घरी. तिथे माझ्यासाठी झाकणाचा एक स्टीलचा डबा आहे. परक्याच्या हाती लागले तरी मी उघडणार नाही, अशी सोय प्रेरणाने करून दिली आहे. पण द्वारकाबाईंचा त्यावर भरवसा नाही. त्या डबा डाळीच्या डब्यांमागे ठेवतात.

दिवाळीनंतर संध्याचं ते हरवलेलं चित्र माझ्यात आलं. नाव होतं नुसतं फायनल. पुढे काही नाही.

आता माझी चकती थकली आहे. फिरताना मधूनच खट् असा आवाज येतो आणि संध्याच्या कपाळाला आठी पडते. लवकरच माझ्या जागी कुणीतरी नवी येईल. मला त्याचं दुःख नाही. कुतूहल मात्र अजून संपलेलं नाही. तो चोर कोण होता, कुठे होता, याचा मी पुष्कळ विचार करते. चिकलठाण्यात एक मुलगी दिवाळीचे दिवस पोलाद मोजत बसली, हे त्याला कधीच कळणार नाही. मी सगळी चित्रं पोटात ठेवते आणि मला ती वाचता येत नाहीत, पण त्यामागचं माणूस मला दिसलं. त्याला मात्र फाइली दिसल्या, माणूस दिसलंच नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, दुकानात, वडिलांच्या ऑफिसात माझी एखादी बहीण असेल. कॅलेंडराखाली असेल, धुळीत असेल, कुणी तिचं नावही काढत नसेल. तिची पूजा करा, असं मी म्हणणार नाही. कधीतरी तिला उघडून, आत काय आहे ते बघा. आणि मग खुशाल विसरून जा, आम्हाला त्याची सवय आहे. फक्त विसरण्याआधी तिची वायर काढून ठेवा.